जुनी डिझेल पिकअप पीयूसीला धुरावर अडकते तेव्हा: पंपाच्या स्क्रूला हात लावण्याआधी काय काय बघायचं

हे जुन्या डिझेल पिकअपसाठी आहे, म्हणजे आरसीवर बीएस-२, बीएस-३ किंवा बीएस-४ लिहिलेल्या गाड्यांसाठी. बीएस-६ गाडीत धूर गाळणारा डीपीएफ असतो, तिचं दुखणं वेगळं. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांना तर मशीनच वेगळं लागतं. तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात.

पीयूसीला नापास होऊन माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पिकअप आधी कुठेतरी 'पंप कमी करून', म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी करून, आलेल्या असतात. धूर थोडा कमी झालेला असतो, पण गाडीची ओढ गेलेली असते. लोड घेऊन घाट चढताना पहिल्या गिअरवर यावं लागतं, मग मालक पुन्हा पंप वाढवतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा नापास. खरा दोष बहुतेक वेळा हवेच्या बाजूला असतो आणि तिथे कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून खालचा क्रम सोडू नका. फुकटातलं आधी, पंप आणि इंजिनचं काम शेवटी.

लक्षणं

रस्त्यावर धूर फारसा जाणवत नाही, पण पीयूसीवाल्याने न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की काळा भपका येतो आणि रीडिंग मर्यादेच्या थोडं वर जातं. सर्वांत जास्त गाड्या या गटातल्या, आणि बहुतेक स्वस्तात सुटतात.

चढाला आणि लोडमध्ये काळा धूर, ओढ कमी, अॅव्हरेज घसरलेलं.

सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास असलेला. इंजिन गरम झाल्यावर तो जातो की राहतो, हे नीट बघून ठेवा.

निळसर धूर, विशेषतः घाट उतरून आल्यावर पुन्हा अॅक्सिलरेटर दिला की. ऑइलची पातळी हळूहळू उतरते, बाहेर मात्र कुठे गळती दिसत नाही.

आज पास, उद्या नापास. दोन सेंटरवर दोन वेगळी रीडिंग.

धूर दिसत नाही, तरी मशीन रीडिंगच घेत नाही, 'आरपीएम मिळत नाही' म्हणून गाडी परत पाठवतात.

काळा धूर म्हणजे आत गेलेल्या डिझेलच्या मानाने हवा कमी पडली. पांढरा म्हणजे डिझेल जळलंच नाही, नुसतं वाफ होऊन बाहेर आलं. या पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र कूलंट जळतोय, तिथे घरचे उपाय थांबवायचे. थंडीत सकाळी दोन मिनिटं दिसणारी पातळ वाफ हा दोष नव्हे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पीयूसीचं मशीन रंग ओळखत नाही, ते फक्त किती प्रकाश अडला ते मोजतं. त्यामुळे रंग तुम्हाला स्वतः बघावा लागतो. मागे एक माणूस उभा करा, उन्हात, पांढऱ्या भिंतीसमोर.

आधी स्लिप वाचा

नापास झालेल्या गाडीला कारण लिहिलेली रिजेक्शन स्लिप द्यायची तरतूद २०२१ पासून आहे. ती मागून घ्या. त्यावरचा के-व्हॅल्यूचा, म्हणजे धूर किती दाट आहे ते सांगणारा, आकडा हा या सगळ्या शोधाचा पाया आहे. नुसतं 'धूर जास्त आहे' यावर कुणीही काहीही बदलायला लावेल.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११५ व्या नियमाप्रमाणे बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला मर्यादा २.४५, म्हणजेच ६५ हार्ट्रिज. बीएस-४ गाडीला १.६२, म्हणजे ५० हार्ट्रिज. मशीनमध्ये ४३० मिलिमीटर लांबीच्या धुराच्या थरातून प्रकाश सोडतात. ६५ हार्ट्रिज म्हणजे त्यातला ६५ टक्के प्रकाश पलीकडे पोचलाच नाही. पासष्ट आणि पन्नास हे आकडे जवळचे वाटतात, पण के-व्हॅल्यूत बघितलं तर बीएस-४ ला परवानगी असलेली काजळी जवळजवळ एक तृतीयांशाने कमी आहे. जुन्या गाडीला चालून गेलेला हलगर्जीपणा इथे चालत नाही.

आपली गाडी नेमकी कुठल्या मानकाची, हे उत्पादनाच्या वर्षावरून ठरवू नका. २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत बीएस-४ आणि इतरत्र बीएस-३ अशी दोन्ही मानकं एकाच वेळी चालू होती. देशभर बीएस-४ लागू झालं ते १ एप्रिल २०१७ ला. एकाच वर्षाच्या, दिसायला सारख्या दोन पिकअपना वेगळी मर्यादा असू शकते. आरसी बघा. तिथली नोंदच चुकीची असेल तर ते काम आरटीओतलं आहे, गॅरेजमधलं नाही.

माझा अंदाज घ्यायचा ठोकताळा असा: रीडिंग मर्यादेच्या थोडंसंच वर असेल, म्हणजे २.४५ च्या जागी २.७ किंवा २.८, तर गरम करणं, फिल्टर आणि ईजीआर (जळालेला वायू पुन्हा इंजिनमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) एवढ्यात गाडी खाली येते. साडेतीन-चारच्या वर असेल तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा त्याच्या पुढचं काहीतरी निघण्याची तयारी ठेवा. तरीही सुरुवात वरूनच करायची.

चाचणीत नेमकं काय होतं

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलवर. पेडल झटकन पूर्ण दाबतात, इंजिन गव्हर्नरच्या कमाल आरपीएमपर्यंत जातं, मग सोडतात. असं पुन्हा पुन्हा करून जुळणाऱ्या रीडिंगची सरासरी काढतात. पेडल दाबल्याक्षणी पंप डिझेल वाढवतो, हवेला मात्र फिल्टर, पाइप, टर्बो यांतून यायला वेळ लागतो. भपका येतो तो याच फटीत. हवेच्या वाटेत जरा जरी अडथळा असेल तर तो रस्त्यापेक्षा या चाचणीत जास्त उघडा पडतो. उलटंही खरं आहे: न्यूट्रलमध्ये टर्बोवर फारसा दाब तयार होत नाही, म्हणून घाटात धूर सोडणारी गाडी कधी कधी पीयूसीला आरामात पास होते.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. या चाचणीत इंजिन कमाल आरपीएमला नेतात. ऑइल कमी असेल किंवा टायमिंग बेल्टवाल्या इंजिनचा बेल्ट मुदत उलटून गेलेला असेल, तर पीयूसीच्या जागेवरच इंजिन उघडायची वेळ येईल. बेल्ट कधी बदलला हे आठवत नसेल तर आधी बेल्ट, मग पीयूसी.

१. गाडी खरोखर गरम आहे का?

चाचणीसाठी इंजिन ऑइल किमान ६० अंशांवर असायला हवं. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नव्हे, ऑइल पाण्याच्या मागून गरम होतं. घरापासून दोन किलोमीटरवरच्या सेंटरला सकाळी थेट गेलात तर निम्मं नापास होणं तिथेच ठरतं. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही.

वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा, जमलं तर थोडा माल टाकून आणि एक गिअर खाली ठेवून. याने दुसराही फायदा होतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या, तासन्‌तास आयडलवर उभ्या राहणाऱ्या पिकअपच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा थर बसलेला असतो. तो चाचणीत सुटून बाहेर पडतो आणि मशीन त्याला इंजिनचाच धूर समजतं. रस्त्यावर झाडून गेला तर तुमचंच रीडिंग खाली येतं. एकदा पास, एकदा नापास होणाऱ्या बहुतेक गाड्यांचं गुपित एवढंच. सेंटरवर रांग असेल तर अर्धा तास आयडलवर ठेवू नका. नंबर यायच्या आधी पुन्हा एक फेरी मारून या.

आता थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हणून कुणीतरी तो काढून फेकलेला असतो आणि मालकाला पत्ताही नसतो. मग इंजिन कायम गार चालतं, काटा चढत नाही, सकाळचा पांढरा धूर दुपारपर्यंत रेंगाळतो, अॅव्हरेज जातं, आणि कमी जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरून तेही पातळ होतं. बहुतेक इंजिनांत तो साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. वीस मिनिटं चालवूनही काटा मध्याच्या बराच खाली असेल तर थर्मोस्टॅट आहे का, आणि असला तर उघडाच अडकलाय का, ते बघा. भाग स्वस्त आहे, आणि काढून टाकणं हा तापण्यावरचा इलाज कधीच नव्हता.

२. एअर फिल्टर

वीटभट्टी, वाळू, कांदा, ऊस, कच्चे रस्ते. पिकअपला धूळ कारपेक्षा कितीतरी जास्त खावी लागते, आणि सर्व्हिसिंगचं वेळापत्रक मात्र कारचं लावलेलं असतं.

फिल्टर बाहेर काढा आणि आतून बल्ब लावून बघा. उजेड सगळीकडून सारखा झिरपला पाहिजे. कागदाच्या घड्यांत काळे पट्टे दिसले, कागद तेलकट झाला असेल किंवा रबरी कडा चिरली असेल तर हवा मारत बसू नका, नवा टाका. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर, लांबून, कमी प्रेशरने. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते, आणि जवळून मारली तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. त्या भोकांतून गेलेली धूळ बोअर आणि रिंगा खाते. मग धूर काळ्याचा निळा होतो.

फिल्टर काढून गाडी एकदा जागेवर रेस करून बघायची जुनी पद्धत आहे. भपका स्पष्ट कमी झाला तर दोष सापडला. हे फक्त मिनिटभर, स्वच्छ जागेत, आणि टर्बो असेल तर मुळीच नको. उघड्या टर्बोने एखादा नट किंवा चिंधी ओढली तर टर्बो तिथेच संपला.

फिल्टर नवा असूनही धूर तसाच असेल तर फिल्टरच्या आधीची वाट बघा. उभ्या राहिलेल्या गाडीच्या हवेच्या नळीत उंदरांनी केलेली घरटी, चिंध्या, पाला मी नेहमी काढतो. खूप जुन्या मॉडेलमध्ये ऑइल बाथ फिल्टर असतो. त्यात ऑइल खुणेच्या वर भरलं तर हवा अडते आणि ऑइलही ओढलं जातं.

काळ्या धुराच्या तक्रारीत दुसरं काही करायला वेळ नसेल तर एवढी एकच गोष्ट करा.

३. ऑइल आणि ब्रीदर

डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर आहे का? 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून भरलेलं ऑइल क्रँक उडवतो, ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, इनटेकमध्ये जातं आणि जळतं. निळा धूर, आणि कारण फक्त अर्धा लिटर जास्तीचं ऑइल. पातळी कुणी न भरता आपोआप वाढत असेल तर मात्र डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ऑइलला डिझेलचा वास येतो. अशी गाडी चालवू नका, पंपाचं सील किंवा नोझल बघायला लागेल.

ब्रीदरची नळी काढून तिचं तोंड बघा. आतून चिकट गाळाने बुजली असेल तर साफ करा. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. हलकी फुंकर येणं ठीक आहे. झाकण उडी मारत असेल, धुराचे धक्के येत असतील, तर रिंगांचा संशय मनात नोंदवून ठेवा आणि शेवटच्या तपासणीकडे या.

४. अॅक्सिलरेटर केबल

'आरपीएम मिळत नाही' म्हणून परत आलेल्या गाडीत आधी हेच. एकाने पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली पंपाचा लिव्हर शेवटच्या टेकणापर्यंत जातोय का ते बघायचं. केबल सैल असेल किंवा पेडलखाली जाड मॅट अडकली असेल तर जात नाही. पाच मिनिटांचं काम.

५. डिझेल, पाणी, डिझेल फिल्टर

वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, स्वच्छ रेघ दिसते. पाण्यामुळे इंजिन अडखळतं, पांढरा धूर येतो आणि नोझलच्या टोकांना गंज लागतो.

डिझेल फिल्टर बुजला की काळा धूर येतो असं सर्रास सांगतात. तसं होत नाही. बुजलेला फिल्टर डिझेल कमी पोचवतो, त्यामुळे गाडी ओढत नाही, पण धूर वाढायचं कारण नाही. फिल्टर वेळेवर बदलायचा तो पंप आणि नोझल वाचवण्यासाठी. पीयूसीला पास होण्यासाठी म्हणून बदलत असाल तर अपेक्षा ठेवू नका. बदलल्यावर प्रायमरने एअर पूर्ण काढा, नाहीतर आयडल नाचेल आणि रीडिंग एकसारखी मिळणार नाहीत.

६. टर्बोचे होज

टर्बो असलेल्या गाडीत टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड हे रबरी पाइप हाताने दाबून, वाकवून बघा. चीर बहुतेक खालच्या बाजूला, क्लिपच्या जवळ असते. रेस केल्यावर 'फुस्स' आवाज आणि जोडाभोवती तेलकट धूळ ही खूण. याचा फायदा पीयूसीच्या आकड्यापेक्षा घाटात जास्त दिसेल, तरी करा.

पाइपच्या आत ऑइलचा पातळ ओलावा असणं साधारण आहे. पाइप उलटा केल्यावर ऑइल ओघळलं तर मात्र तिथेच थांबा, चाचणीला नेऊ नका. टर्बोचं सील गेलं असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन आपोआप वेग घेऊ शकतं. मग चावी बंद करून उपयोग होत नाही, कारण इंधन टाकीतून येतच नाही. तसं झालंच तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं. नाहीतर हवेच्या तोंडावर जाड सपाट फळी दाबायची. हात किंवा कापड कधीही नाही.

७. ईजीआर

जळून गेलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनमध्ये सोडणारा हा व्हॉल्व्ह. काजळीने अर्धवट उघडा अडकला की ताज्या हवेची जागा जुना धूर घेतो. फिल्टर नवाकोरा, पाइप ठीक, तरी आयडलवरून रेस केल्या केल्या काळा भपका येत असेल तर मी सरळ इथे येतो. शहरात हळू चालणाऱ्या गाड्यांत हे फार.

व्हॉल्व्ह काढून, काजळी खरवडून, कार्ब क्लीनरने धुऊन, नवीन गॅस्केट टाकून बसवायचा. मॅनिफोल्डचं तोंडही बघा. तिथे कधी कधी एवढा थर असतो की बोट जात नाही. खरवडलेला चुरा आत पडू देऊ नका.

पत्र्याची पट्टी टाकून ईजीआर कायमचा बंद करायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. धूर कमी होतो हे खरं आहे, आणि डिझेलच्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत म्हणून गाडी पासही होते. पण ते ऑक्साइड कमी करायलाच हा व्हॉल्व्ह बसवलेला आहे. कंपनीने दिलेली प्रदूषणाची यंत्रणा बंद करून पीयूसी काढणं मला पटत नाही, आणि कॉमन रेल (कंप्युटरवर चालणाऱ्या डिझेल पंपाच्या) गाडीत चेक लाइट पेटून कंट्रोलर ओढ कमी करतो ते वेगळंच.

८. टॅपेट

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट. ते घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. फार सैल असतील तर व्हॉल्व्ह कमी उघडतो, हवा कमी जाते. जुन्या इंजिनांत फीलर गेजने सेटिंग करता येतं, माप गाडीच्या मॅन्युअलमधलं घ्या. हाताचा अंदाज असलेल्या मेकॅनिककडून करून घेतलं तर बरं.

इथे थांबून पुन्हा रीडिंग घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलून रीडिंग घेतलं तर कशाने किती फरक पडला ते कळतं. तिन्ही-चारही एकदम केलं तर पुढच्या वेळी पुन्हा अंधारच.

९. नोझल: इथून पुढे गॅरेजचं काम

नोझलमधून डिझेल बारीक फवाऱ्यासारखं उडालं पाहिजे. टोकाला काजळी धरली, छिद्र झिजलं किंवा सुई बसेनाशी झाली की धार पडते, शेवटी थेंब टपकतो. ते डिझेल जळायला वेळ पुरत नाही. खूण म्हणजे खडखडाट वाढतो, एखादं सिलिंडर आयडलला चुकतं, धूर काळा आणि पांढरा दोन्ही.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत मेकॅनिक एकेका नोझलचा पाइप थोडा सैल करून बघतो. ज्याला सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. कॉमन रेल गाडीत हे करायचं नाही. तिथे पाइपात हजार बारच्या वर दाब जाऊ शकतो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत हात सडतो, आणि तातडीने ऑपरेशन लागतं. अशी जखम झाली तर दुखत नसलं तरी त्याच तासाला हॉस्पिटल.

नोझल काढले की पंप रूमला पाठवा. तिथे टेस्टरवर उघडण्याचा दाब आणि फवारा दोन्ही तुमच्या समोर बघता येतात. 'चारही खराब आहेत' असं न तपासता सांगितलं तर दुसरीकडे जा. परत बसवताना तांब्याचे वायसर नवेच. जुना वायसर पुन्हा टाकला की नोझलच्या बुडातून वायू निसटतो, 'चक-चक' आवाज येतो आणि भोवती डांबरासारखा थर साठतो.

कॉमन रेलमध्ये याच टप्प्यावर स्कॅनर लावून घ्या. हवा मोजणाऱ्या किंवा मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर काजळी बसली तरी कंट्रोलरला हवेचा हिशेब चुकीचा मिळतो. सेन्सर पुसून काम झालं तर नोझलचा खर्च वाचला.

१०. पंप

आता पंप. यांत्रिक पंपावर कमाल डिझेलचा स्क्रू असतो आणि तो सीलबंद असतो. जास्त लोड ओढावा म्हणून कुणी तो आधी फिरवला असेल तर सील तुटलेलं दिसेल. तेव्हा तो मूळ मापावर आणणं हाच खरा उपाय. पण ते माप टेस्ट बेंचवर मिलिलिटरमध्ये मोजून घेतात, गाडीवर कानाने नाही. सील शाबूत असेल तर धुराचं कारण तो स्क्रू नाहीच, त्याला हात लावू नका. हवा कमी पडतेय म्हणून डिझेलही कमी करायचं, याचा अर्थ इंजिन दोन्हीकडून उपाशी.

टायमिंगही इथेच बघतात. टायमिंग बेल्ट किंवा पंपाचं काम झाल्यानंतर लगेच धूर सुरू झाला असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या सोडून थेट टायमिंग तपासून घ्या. डिझेल उशिरा पडत असेल तर पांढरा धूर आणि मंद ओढ, फार आधी पडत असेल तर इंजिन ठोकतं.

११. कॉम्प्रेशन

झाकणातून धक्के, निळा धूर, सकाळी स्टार्टला त्रास हे तिन्ही एकत्र असतील तर कॉम्प्रेशन मोजा. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट किंवा रिंगा. सगळेच सारखे खाली असतील तर इंजिनचं वय झालं. कॉम्प्रेशन न मोजता 'हाफ इंजिन करून टाकू' म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. उलट, कॉम्प्रेशन खरंच गेलेलं असेल तर नवे नोझल, नवा फिल्टर, पंपाचं काम यांवर आणखी पैसे घालू नका. त्या इंजिनला यातलं काही लागू पडणार नाही.

जे करू नका

डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं. डिझेलच्या वंगणावरच पंप आणि नोझल फिरतात, रॉकेलने ते कोरडे पडतात. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी थोडी काजळी सुटत असेल, पण बुजलेला एअर फिल्टर किंवा अडकलेला ईजीआर त्याने सुटत नाही. पेडल अर्धंच दाबायला लावून किंवा गाडी न नेता काढलेलं सर्टिफिकेट पासिंगच्या वेळी उपयोगी पडत नाही. आठ वर्षांपुढच्या माल वाहतुकीच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, आणि धूर तिथेही बघतात.

वैध पीयूसी नसताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड दहा हजार रुपयांपर्यंत जाऊ शकतो, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र ठरू शकतं. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीचं सर्टिफिकेट वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाडीचं सहाच महिने. मुदत संपायच्या आधी दोन-तीन आठवडे तपासणीला गेलात तर नापास झाल्यावरही दुरुस्तीला वेळ हातात राहतो.

पास झाल्यावरही के-व्हॅल्यू लिहून ठेवा, तारीख आणि किलोमीटरसकट, सर्व्हिसिंगच्या वहीतच. २.४५ मर्यादेच्या गाडीचं मागच्या वेळी १.५ होतं, या वेळी २.१ आलं, तर गाडी पास आहे, पण एअर फिल्टर आणि ईजीआर उघडायची वेळ आलेली आहे.